लाख डाळीने पाय का जातात? चेतापेशीच्या आत काय बिघडतं, समजून घ्या सोप्या भाषेत



व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी एक व्हिडिओ फिरतो. ताटात पिवळी डाळ, मागे भीतीदायक म्युझिक आणि वर आवाज, "तुरीच्या डाळीत लाख डाळ मिसळतात, खाल्ली की पाय कायमचे जातात!" मी जळगावचा. आमच्या शहराची ओळख म्हणजे केळी, सोनं आणि डाळ मिल. त्यामुळे असा व्हिडिओ आला की ग्रुपमधला कोणीतरी मला विचारतोच, "खरंय का रे भो हे?"

या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. लाख डाळीने माणसं खरंच लंगडी झाली आहेत, तीही हजारोंच्या संख्येने. पण ती कशी झाली, किती खाल्ल्यावर झाली आणि त्याच घरातला दुसरा माणूस का वाचला, हे कळलं की भीती कमी होते आणि समज वाढते. त्यासाठी आपल्याला थेट चेतापेशीच्या आत शिरावं लागेल. तिथे एका प्रोटीनला ऑक्सिजन कसा खराब करतो, ही आजची गोष्ट आहे. बायोलॉजी दहावीनंतर सोडलं असेल तरी चालेल, चला तर मग.

लाख डाळ म्हणजे नेमकी कोणती?

हिंदीत खेसारी किंवा तिवडा, आपल्याकडे लाख किंवा लाखोळी. शास्त्रीय नाव लॅथायरस सटायवस. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागात, धानाच्या शेतात उरलेल्या ओलीवर हे पीक येतं. नांगरट नको, खत नको, पाणी नको. धान कापायच्या आधीच बी फेकून द्यायचं, बस्स. पाऊस दगा देवो की पूर येवो, बाकी सगळं गेलं तरी लाख उभी राहते.

प्रोटीन भरपूर, भाव कमी, आणि दुष्काळात हमखास येणारी. गरिबाच्या घरात ती का शिरली हे वेगळं सांगायला नको. आणि हीच तिची अडचण आहे: जेव्हा दुसरं काहीच पिकत नाही, तेव्हा माणूस फक्त हिच्यावर जगतो.

पाय जाण्याचा इतिहास

ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन तुम्ही शाळेत वाचला असेल. त्याने १८४४ साली छापलेल्या पुस्तकात मध्य प्रदेशातल्या सागर भागाची हकिकत लिहिली आहे. १८२९ पासून काही वर्षं गव्हाचं पीक बुडालं, शेतात खेसारी मात्र आपोआप उगवली. लोकांनी ती खाल्ली. काही वर्षांत तिशीच्या आतले कितीतरी तरुण कमरेखाली लुळे पडू लागले.

१८७३ साली इटलीतल्या कांतानी नावाच्या डॉक्टरने या आजाराला 'लॅथिरिझम' हे नाव दिलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या हिवाळ्यात, आजच्या युक्रेनमधल्या वाप्नियार्का छळछावणीत ज्यू कैद्यांना याच दाण्यांचं अन्न दिलं गेलं. काही आठवड्यांत शेकडो कैद्यांचे पाय आखडले. त्यांच्यातच असलेले डॉ. आर्थर केसलर यांनी हा लॅथिरिझम आहे हे ओळखलं.

आपल्या देशात मध्य प्रदेशातल्या रीवा भागात १९६० च्या आसपास मोठा अभ्यास झाला. तिथे शेतमजुरांना मजुरी पैशात न देता धान्यात दिली जायची आणि त्या धान्यात खेसारी मिसळलेली असायची. म्हणजे मालक गहू-तांदूळ खायचा आणि मजूर खेसारी. पाय कोणाचे गेले असतील ते तुम्हीच ओळखा.

आजाराच्या पायऱ्या तिथल्या डॉक्टरांनी काठ्यांवरून ठरवल्या होत्या. पहिली पायरी बिनकाठी: चालता येतं, पण पोटऱ्या आखडतात, टाच टेकत नाही. दुसरी एककाठी. तिसरी दोनकाठी: गुडघे वाकलेले आणि पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकणारे. चौथी म्हणजे रांगणारे. डोकं पूर्ण शाबूत, हात बहुतेक ठीक, बोलणं ठीक. फक्त पाय नाहीत. आणि गेलेले पाय सहसा परत येत नाहीत.

विष सापडलं १९६४ मध्ये

हे शोधणारे भारतीयच होते. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या राव, अदिगा आणि सर्मा यांनी १९६४ साली दाण्यातून एक अमिनो ॲसिड वेगळं काढलं. त्याच वर्षी दिल्लीतल्या एका गटालाही तेच सापडलं. त्याचं लांबलचक नाव सोडून देऊ, सगळे त्याला 'ओडॅप' म्हणतात.

ओडॅपची चलाखी अशी की ते ग्लुटामेटसारखं दिसतं. ग्लुटामेट हा आपल्या मेंदूतला रोजचा मेसेंजर आहे. एक चेतापेशी दुसरीला 'उठ, कामाला लाग' असा निरोप त्याच्याकरवी पाठवते. निरोप दिला की ग्लुटामेट लगेच उचलून बाजूला नेलं जातं. ओडॅप मात्र त्याच कुलपात बसतं आणि पेशीला पुन्हा पुन्हा डिवचतं. फोनवर सतत नोटिफिकेशन येत राहिले तर स्क्रीन बंदच होत नाही आणि बॅटरी उतरते, साधारण तसं. पेशीत कॅल्शियम घुसत राहतं आणि तिची ऊर्जा संपत जाते.

पण नुसतं डिवचणं ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी प्रोटीनमध्ये आहे.

ऑक्सिजन प्रोटीनचं काय करतो?

आपल्या पेशीत मायटोकाँड्रिया नावाची वीजघरं असतात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तिथे एका साखळीतून पुढे सरकतात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळतात. यातून पेशीला ऊर्जा मिळते. वाटेत थोडे इलेक्ट्रॉन निसटतात आणि भलत्याच ठिकाणी ऑक्सिजनला चिकटतात. असा अर्धवट, चिडलेला ऑक्सिजन समोर येईल त्या रेणूला जाऊन भिडतो. यालाच ऑक्सिडेशनचं नुकसान म्हणतात.

आता प्रोटीन. प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडची माळ, विशिष्ट आकारात घडी घातलेली. घडी बरोबर तर काम बरोबर. या माळेत सिस्टीन नावाचा एक मणी असतो आणि त्याला सल्फरचं, म्हणजे गंधकाचं एक टोक असतं. हे टोक फार कामाचं असतं आणि फार नाजूकही. चिडलेल्या ऑक्सिजनला ते आधी सापडतं.

इथे आमच्या जळगावच्या सराफ बाजाराचं उदाहरण घेऊ. चांदीचं पैंजण वापरात काळं पडतं. सराफाकडे दिलं की उजळून मिळतं, कारण खराबी वरवरची असते. पण घराच्या गच्चीवरची लोखंडी सळई पाच पावसाळे भिजली की आतपर्यंत गंजते. ती घासून उपयोग नसतो, बदलावीच लागते.

प्रोटीनचंही असंच दोन प्रकारचं नुकसान होतं.

• पहिलं, चांदीसारखं: सल्फरचं टोक ऑक्सिडाइज होतं, दुसऱ्या सल्फरला चिकटून बसतं, प्रोटीनची घडी बिघडते. पण पेशीकडे हे उजळणारे कारागीर असतात, त्यामुळे दुरुस्ती शक्य असते.

• दुसरं, लोखंडासारखं: प्रोटीनच्या इतर मण्यांवर 'कार्बोनिल' नावाचे गट तयार होतात. हे परत नीट होत नाही. असं प्रोटीन तोडून भंगारात काढावं लागतं. पेशीत त्यासाठी प्रोटिॲसोम नावाचं क्रशर असतं. पण फारच खराब झालेली प्रोटीन एकमेकांना चिकटून गठ्ठे बनवतात आणि कधीकधी ते क्रशरच तुंबवतात. मग कचरा साठत जातो.

उजळणाऱ्या कारागिराचं नाव लक्षात ठेवा: ग्लुटारेडॉक्सिन. आणि तो ज्या मालावर काम करतो तो ग्लुटाथायॉन. ग्लुटाथायॉन हा तीन अमिनो ॲसिडचा छोटा रेणू आहे आणि त्यातलं एक सिस्टीन असतं. हा सिस्टीनचा मुद्दा पुढे परत येणार आहे.

पण चेतापेशीच का मरते? त्वचेची पेशी का नाही?

तीन कारणं.

एक, खप. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तोच खातो. जिथे जास्त ऑक्सिजन जळतो तिथे ठिणग्याही जास्त उडतात.

दोन, बदली नाही. त्वचेची पेशी खराब झाली तर नवी येते. चेतापेशी सहसा विभागत नाही. जी जन्मापासून मिळाली तिच्यावरच ८० वर्षं काढायची. फोनचा डिस्प्ले बदलून मिळतो, मदरबोर्ड तोच राहतो.

तीन, लांबी. मेंदूतल्या ज्या पेशी पायांना हुकूम देतात त्यांचा तंतू मेंदूपासून पाठीच्या कण्याच्या खालच्या भागापर्यंत जातो. एकाच पेशीची ही तार जवळपास दोन फूट. एवढी लांब तार जिवंत ठेवायला ऊर्जा सतत लागते. ऊर्जा घटली तर अशी लांब लाइन अडचणीत येणार हे उघड आहे. लॅथिरिझममध्ये मार बसतो तो नेमका याच पेशींना.

उंदरांवरच्या प्रयोगात काय दिसलं?

आता मुख्य गोष्ट. डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ या भारतातल्या नावाजलेल्या मेंदू शास्त्रज्ञ, २०१० साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या गटाने, आधी बंगळुरूच्या निमहान्समध्ये आणि नंतर हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात, ओडॅप उंदरांना देऊन आत काय होतं ते तपासलं. १९९८ साली त्यांचा महत्त्वाचा पेपर आला.

वीजघरातल्या साखळीची पहिली कडी म्हणजे 'काँप्लेक्स १'. चाळीसहून जास्त प्रोटीनचे भाग जोडून बनलेलं हे मोठं यंत्र आहे. इलेक्ट्रॉन आत येण्याचं एक मुख्य गेटच म्हणा. त्यात सल्फरची बरीच टोकं असतात.

ओडॅप दिल्यावर उंदरांमध्ये हे गेट मंदावलं. तेही सगळ्या मेंदूत नाही. हालचालीचे हुकूम जिथून सुटतात तो मेंदूचा भाग आणि कण्याचा कमरेजवळचा भाग, नेमक्या या दोन ठिकाणी. माणसाचे जे पाय जातात त्यांचीच ही वायरिंग.

गेट का मंदावलं? गटाने त्या मायटोकाँड्रियांवर सल्फरची टोकं पूर्ववत करणारं एक रसायन टाकलं. गेट पुन्हा चालू झालं! म्हणजे यंत्र मोडलं नव्हतं, त्याची टोकं काळी पडली होती. चांदीच होती ती, लोखंड नव्हे. आणि हे सगळं पेशी मरायच्या आधी घडत होतं. प्राण्यांना सल्फरची टोकं जपणारं औषध आधीच दिलं, तर नुकसान टळत होतं.

आता सगळे तुकडे जोडा. ओडॅप पेशीला डिवचतं, ऑक्सिडेशन वाढतं. काँप्लेक्स १ ची टोकं काळी पडतात. ऊर्जा घटते. कॅल्शियम बाहेर फेकायलाही ऊर्जा लागते, ती नसल्याने कॅल्शियम साठतं. गेट अडलं की निसटणारे इलेक्ट्रॉन वाढतात, म्हणजे चिडलेला ऑक्सिजन आणखी वाढतो. हे चक्र एकदा जोर धरू लागलं की पेशी स्वतःच संपण्याचा मार्ग धरते. दोन फुटांची ती तार निकामी होते.

बायकांना कमी आणि पुरुषांना जास्त, असं का?

लॅथिरिझमच्या जवळपास प्रत्येक साथीत तरुण पुरुष जास्त सापडले. आधी वाटायचं, पुरुष कष्टाचं काम जास्त करतात आणि खातातही जास्त, म्हणून असेल. पण उंदरांमध्येही तेच दिसलं. माद्या ओडॅपला जास्त दाद देत नव्हत्या.

कारण तोच कारागीर. रवींद्रनाथ यांच्या गटाला दिसलं की माद्यांच्या मेंदूत ग्लुटारेडॉक्सिन मुळातच जास्त असतं आणि इस्ट्रोजेन हे हार्मोन ते टिकवून धरतं. माद्यांमधलं ग्लुटारेडॉक्सिन कमी केलं की त्यांचंही काँप्लेक्स १ बिघडू लागलं. विष तेच, डोस तोच. फरक दुरुस्तीचा.

मला या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. पेशी मरते ती नुसत्या माऱ्याने मरत नाही, माऱ्याचा वेग दुरुस्तीच्या वेगापेक्षा जास्त झाला की मरते.

हाच धागा पार्किन्सन्सपर्यंत जातो

१९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुणांनी नशेसाठी घरगुती बनावटीचं ड्रग टोचून घेतलं. त्यात चुकून एमपीटीपी नावाचं रसायन तयार झालं होतं. काही दिवसांत ते पार्किन्सन्सच्या म्हाताऱ्या पेशंटसारखे थिजून गेले. ते रसायन मेंदूत जाऊन अडवतं तेही काँप्लेक्स १ च. १९८९ साली लंडनच्या शास्त्रज्ञांना नेहमीच्या पार्किन्सन्सने गेलेल्या माणसांच्या मेंदूतही काँप्लेक्स १ कमी चालत असल्याचं दिसलं. आणि उंदरांमध्ये एमपीटीपीपासूनही ग्लुटारेडॉक्सिन बचाव करतं, हे रवींद्रनाथ यांच्याच गटाने दाखवलं.

म्हणजे लाख डाळीचा अभ्यास हा फक्त गरिबांच्या जुन्या आजाराचा अभ्यास नाही. तुमच्या आजोबांचा हात का थरथरतो, या प्रश्नाची एक वाटही तिथूनच जाते.

ताटात काय आहे यावर बरंच ठरतं

आता सिस्टीनकडे परत येऊ. ग्लुटाथायॉन बनवायला सिस्टीन लागतं, म्हणजे सल्फरवाली अमिनो ॲसिड अन्नातून यायला हवीत. लाख डाळीत प्रोटीन भरपूर असलं तरी नेमकी हीच अमिनो ॲसिड कमी आहेत. म्हणजे बघा, ज्या डाळीत सल्फरच्या टोकांवर मारा करणारं विष आहे, त्याच डाळीत टोकं दुरुस्त करायचा माल कमी आहे. महिनोन्‌महिने फक्त तीच खाणाऱ्यावर दोन्ही बाजूंनी मार.

ज्वारी, गहू, तांदूळ यांच्या प्रोटीनमध्ये सल्फरवाल्या अमिनो ॲसिडचं प्रमाण डाळींपेक्षा चांगलं असतं. इथिओपियात १९९० च्या दशकात लॅथिरिझमची साथ आली होती. तिथला अभ्यास २००३ साली लॅन्सेटमध्ये छापून आला. ज्या घरांत ही डाळ तृणधान्यात मिसळून खाल्ली जात होती तिथे धोका बराच कमी होता. मसाल्यांच्या रश्शात शिजवून खाणाऱ्यांनाही कमी होता.

आपल्या धुळे-जळगावकडची कळण्याची भाकरी आठवा. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले, सोबत ठेचा किंवा वांग्याचं भरीत. धान्य आणि डाळ एकत्र खायची ही जुनी सवय अमिनो ॲसिडच्या हिशोबाने अगदी फिट बसते.

आणखी एक. ओडॅप पाण्यात विरघळतं. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं, तर बराचसा भाग निघून जातो. पण दुष्काळात पाणीच नसतं आणि सरपणही नसतं. म्हणून उपाय माहीत असूनही लोक लंगडे झाले.

बंदी आहे की उठली?

१९६१ साली केंद्राने खेसारीच्या विक्रीवर बंदी आणली. काही राज्यांनी ती अमलात आणलीच नाही. महाराष्ट्रात ती होती. पूर्व विदर्भातला शेतकरी मात्र पेरत राहिला, कारण ओलीवर दुसरं काही येत नव्हतं. नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी ही बंदी उठवावी म्हणून अनेक वर्षं आंदोलन केलं. त्यांचं म्हणणं, माफक प्रमाणात ही डाळ गरिबाचं प्रोटीन आहे. २००८ मध्ये महाराष्ट्राने राज्यातली बंदी उठवली. केंद्राच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र बंदी कायम राहिली.

दरम्यान कृषी शास्त्रज्ञांनी कमी ओडॅपचे वाण काढले: रतन, प्रतीक आणि महातिवडा. यांत ओडॅप साधारण ०.०७ ते ०.१ टक्के. २०१६ मध्ये या तीन वाणांना मोकळीक द्यावी अशी शिफारस झाली आणि देशभर वाद पेटला. एक बाजू म्हणते, बियाणं शेतात मिसळलं की कमी-जास्त कोण ओळखणार? दुसरी बाजू म्हणते, हवामान बिघडत चाललंय, एवढं काटक पीक फेकून कसं चालेल? दोन्ही मुद्द्यांत दम आहे. माझं मत विचाराल तर डाळीपेक्षा ताटाकडे बघावं. ज्याच्या ताटात दुसरं काहीच नाही, त्याला बंदीही वाचवत नाही आणि नवं वाणही पूर्ण खात्री देत नाही.

मग तो व्हिडिओ खरा की खोटा?

अर्धा खरा. भेसळ होऊ शकते, कारण भरडलेली लाख डाळ तुरीसारखी पिवळी दिसते आणि स्वस्त असते. भेसळ हा गुन्हा आहेच. पण 'एक वाटी खाल्ली आणि पाय गेले' हे खोटं. आजार व्हायला रोजच्या आहाराचा साधारण तिसरा हिस्सा किंवा जास्त लाख डाळ, तीही सलग दोन-तीन महिने पोटात जावी लागते. भाकरी, भाजी, वेगवेगळ्या डाळी खाणाऱ्या घराला वरणातल्या थोड्या भेसळीने लॅथिरिझम होत नाही.

घरी ओळखायची असेल तर असं करा.

१. मूठभर डाळ स्टीलच्या ताटात एकेरी पसरा. खिडकीजवळच्या उजेडात.

२. फोनचा कॅमेरा मॅक्रो मोडवर घ्या. नसेल तर थोडं लांबून २ एक्स झूम करा. डिजिटल झूम फार वाढवू नका, कडा फाटतात.

३. तुरीचा दाणा गोलसर, कडा मऊ. लाख डाळीचा दाणा चौकोनी वाटतो आणि एका बाजूला उतरता कापल्यासारखा दिसतो.

४. फोटोवरून ओळखणाऱ्या ॲपवर भरवसा ठेवू नका. भरडलेल्या डाळींत ती सहज गोंधळतात. शंका राहिलीच तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात नमुना आणि बिल घेऊन जा, किंवा फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर तक्रार टाका. दुकानदाराचं नाव घालून व्हिडिओ फिरवण्यापेक्षा हे कधीही चांगलं.

आणि घरात कोणाचे पाय आखडत असतील, चाल बदलली असेल, तर आधी डाळीला दोष देऊ नका. बी-१२ ची कमतरता, मणक्यावरचा दाब, मणक्याचा टीबी अशी बरीच कारणं असू शकतात आणि त्यातली काही वेळेत उपचार केले तर बरी होतात. धुळ्याचं किंवा जळगावचं सरकारी मेडिकल कॉलेज गाठा, मेडिसिनच्या ओपीडीत दाखवा.

अँटिऑक्सिडंटची गोळी घ्यावी का?

हा प्रश्न येणारच, कारण रील्सवर अशा गोळ्या विकणारे ढिगाने आहेत. ऑक्सिडेशनने पेशी मरते, मग अँटिऑक्सिडंट खा, पेशी वाचेल. ऐकायला एकदम सरळ. पण अमेरिका-कॅनडात पार्किन्सन्सच्या ८०० पेशंटवर मोठी चाचणी झाली. त्यांच्यातल्या काहींना व्हिटॅमिन ईचे मोठे डोस दिले. १९९३ साली निकाल आला: आजार थांबला नाही, मंदावलाही नाही.

कारण वर पाहिलंच. पेशीच्या आतली दुरुस्ती ठरावीक जागी, ठरावीक कारागीर करतात. बाहेरून ओतलेलं प्रत्येक अँटिऑक्सिडंट त्या जागेपर्यंत पोचतंच असं नाही. आणि रोग दिसायला लागतो तोपर्यंत बऱ्याच पेशी मेलेल्या असतात, त्यांना उजळायचं कसं? उंदरांमध्येही औषध आधी दिलं तेव्हा बचाव झाला होता, हे विसरू नका.

थोडक्यात

• लाख डाळीतलं ओडॅप चेतापेशीला डिवचतं आणि वीजघराच्या पहिल्या गेटमधली सल्फरची टोकं ऑक्सिडाइज होतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं.

• ही खराबी सुरुवातीला दुरुस्त होणारी असते. दुरुस्ती मागे पडली की पेशी मरते, आणि मेलेली चेतापेशी परत येत नाही.

• दुरुस्तीचा माल ताटातून येतो. एकाच धान्यावर किंवा एकाच डाळीवर जगावं लागणं, हा खरा धोका.

• अधूनमधून पोटात गेलेल्या थोड्या लाख डाळीने पाय जात नाहीत.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी तो व्हिडिओ ग्रुपवर आला की नुसतं 'फेक आहे' लिहून सोडू नका. 'अर्धा खरा आहे, आणि खरा अर्धा हा आहे' असं सांगून ही माहिती पाठवा. तुमच्या भागात लाख डाळ कशी खातात, कोणत्या नावाने ओळखतात, तेही कमेंटमध्ये नक्की लिहा. विदर्भातल्या वाचकांकडून ऐकायला मला विशेष आवडेल. भेटूया पुढच्या लेखात!